राष्ट्राध्यक्ष कोण होऊ शकतो? इंडोनेशियातल्या एका कलमाची गोष्ट

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगतो, मी राज्यशास्त्राचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण माझ्या कामाचा अर्धा वेळ दुसऱ्या कुणीतरी, कधीकाळी लिहून ठेवलेले नियम वाचण्यात जातो. एखादी विचित्र अट दिसली की आम्ही ती लगेच काढत नाही. आधी शोधतो की ही कधी घातली, कुणी घातली आणि त्या दिवशी नेमकं काय बिनसलं होतं. ही सवय लागली की संविधानंही तशीच वाचावीशी वाटतात. आज मी एकाच देशाचं संविधान घेतलंय आणि त्यातही मुख्यतः एकच प्रश्न: देशाचा प्रमुख कोण होऊ शकतो आणि त्याला कोण निवडतं. देश इंडोनेशिया. जगातल्या सर्वात मोठ्या मुस्लिमबहुल देशांपैकी एक.

हा विषय माझ्याकडे आला तो ऑफिसमधून. आमची एक टीम जकार्तात असते. 14 फेब्रुवारी 2024 ला तिकडे सुट्टी होती, कारण त्या दिवशी मतदान होतं. दुसऱ्या दिवशी कॉलवर एका सहकाऱ्यानं जांभळ्या शाईत बुडवलेली करंगळी कॅमेऱ्यासमोर धरली. मी सहज विचारलं, ‘तुमच्याकडे राष्ट्राध्यक्ष मुस्लिमच असावा लागतो का रे?’ तो म्हणाला, ‘नाही. एकदा तसं लिहिलं होतं.’ मी म्हटलं, ‘मग?’ म्हणाला, ‘मग खोडलं.’ एवढं बोलून तो कामाच्या विषयाकडे वळला. मी मात्र त्या ‘मग खोडलं’पाशीच अडकलो.

तर 1945 च्या जुलैमध्ये जाऊ. इंडोनेशिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. आधी डचांची सत्ता होती, पण युद्धात जपाननं ती घालवली, आणि आता जपान स्वतःच हरत चालला होता. स्वातंत्र्याची तयारी करायला एक समिती बसली होती. त्यात सुकार्नो, मोहम्मद हत्ता यांच्यासारखे राष्ट्रवादी होते आणि मुस्लिम संघटनांचे पुढारीही होते. 22 जूनला नऊ जणांनी एक तडजोडीचा मसुदा केला होता. त्याला जकार्ता सनद म्हणतात. त्यात प्रस्तावनेत एक वाक्यांश होता, मूळ भाषेत सात शब्दांचा: इस्लामच्या अनुयायांनी शरियतचं पालन करणं बंधनकारक. पुढे जुलैत राष्ट्राध्यक्षाच्या कलमावर चर्चा आली तेव्हा वाहिद हाशिम यांनी सूचना मांडली की राष्ट्राध्यक्ष मुस्लिम असावा. वाहिद हाशिम म्हणजे नहदतुल उलमाच्या संस्थापकांचे चिरंजीव. वय 31. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की लोक बहुसंख्येनं मुस्लिम आहेत, राज्यकर्ता त्यांच्यातलाच असला तर त्याचा शब्द लोकांच्या मनाला लागेल.

विरोध कुणी केला? मला वाटलं होतं, एखाद्या ख्रिस्ती सदस्यानं केला असेल. पण उभे राहिले ते अगुस सालिम. म्हणजे इस्लामी राजकारणात आयुष्य घालवलेला, अनेक भाषा जाणणारा, साठी ओलांडलेला माणूस, आणि त्या नऊ जणांतलाच एक. त्यांनी विचारलं, मग उपराष्ट्राध्यक्षाचं काय? राजदूतांचं काय? आणि इतर धर्मांच्या लोकांना आपण संरक्षणाचं वचन दिलंय, त्याचं काय? राष्ट्रवादी आणि इस्लामी गटांत जी तडजोड झाली ती या एका अटीनं मोडेल, असा त्यांचा मुद्दा होता. पण त्यांचं चाललं नाही. सुकार्नोंनी राष्ट्रवाद्यांना त्याग करायला सांगितला आणि मसुद्यात शब्द आले: राष्ट्राध्यक्ष मूळ इंडोनेशियन आणि इस्लाम धर्माचा असेल.

हे जेमतेम महिनाभर टिकलं. 17 ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्याच संध्याकाळी हत्तांकडे निरोप आला की पूर्वेकडच्या बेटांतले ख्रिस्ती लोक असं संविधान असलेल्या देशात यायला तयार नाहीत. 18 ला सकाळी, संविधान संमत करायच्या बैठकीआधी, हत्तांनी काही मुस्लिम नेत्यांना बाजूला घेतलं. त्यात की बागुस हादीकुसुमो होते, मुहम्मदियाचे अध्यक्ष. ते सहजासहजी तयार नव्हते. हत्तांनी नंतर लिहून ठेवलंय त्याप्रमाणे पंधरा मिनिटांच्या आत निर्णय झाला. प्रस्तावनेतले सात शब्द गेले. राष्ट्राध्यक्षाच्या कलमातली धर्माची अटही गेली. ‘मूळ इंडोनेशियन’ एवढं मात्र राहिलं. त्याच्याकडे पुन्हा येतो.

हे मी आमच्या घरी सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, ‘अरे, पण मुस्लिम मुल्कात मुस्लिम सदर असला तर बिघडलं काय? तसाही मुस्लिमच निवडून येणार ना?’ चाचांचा प्रश्न साधा वाटतो, पण मी तो बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. त्यांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग नीट ऐका: तसाही मुस्लिमच निवडून येणार. मग अट कशाला? लोकसंख्येच्या जोरावर जे आपोआप घडणार आहे, ते लिहून ठेवायची गरज कुणाला वाटते? राज्य कुणाच्या हातात जाईल याची शंका नसताना अशी अट घातली, तर ती सत्ता ठरवायला नसते, नागरिकांची उतरंड ठरवायला असते. पूर्वेकडच्या बेटावरच्या एखाद्या ख्रिस्ती शाळामास्तराला कधी राष्ट्राध्यक्ष व्हायचं नसेल. पण ‘तुला होता येणार नाही’ हे देशाच्या सर्वोच्च कागदावर वाचून तो त्या देशात शिरायला का कू करतो, हे आपल्याला तरी समजावून सांगावं लागू नये. आपण भारतात मुस्लिम म्हणून राहतो. आपल्या संविधानाच्या कलम 58 मध्ये राष्ट्रपतीसाठी नागरिकत्व, 35 वर्षं वय आणि लोकसभेवर निवडून यायची पात्रता एवढंच विचारलंय. धर्म विचारलेला नाही. उद्या तिथं कुणी एक शब्द वाढवायचं म्हटलं तर आपण रस्त्यावर येऊ, आणि यायलाच हवं. मग तोच शब्द पाकिस्तानच्या संविधानात 1956 पासून आहे, राष्ट्राध्यक्ष मुस्लिमच हवा, आणि 1973 च्या संविधानात पंतप्रधानालाही तो लागला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना तो खटकतो? मला स्वतःला तिशीपर्यंत खटकला नव्हता. खटकावा असं कुणी सांगितलंही नव्हतं.

चाचांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तू वकील व्हायला हवा होतास.’ म्हणजे पटलं की नाही ते कळलं नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 18 ऑगस्टचा तो निर्णय सगळ्यांनी हसत हसत स्वीकारला असं नाही. अनेक मुस्लिम नेत्यांना तो दगा वाटला. सुकार्नोंनी म्हटलं होतं, हे घाईत केलेलं तात्पुरतं संविधान आहे, पुढे नीट करू. ते ‘पुढे’ लवकर आलंच नाही. मधल्या काळात पश्चिम जावात इस्लामी राज्यासाठी सशस्त्र बंड झालं, ते 1962 पर्यंत चाललं. 1955 ला निवडून आलेली संविधान सभा याच वादात अडकली आणि 1959 मध्ये सुकार्नोंनी ती बरखास्त करून 1945 चं संविधान परत आणलं.

आणि त्या घाईत लिहिलेल्या संविधानात आणखी एक कलम होतं, ज्याच्याकडे 1945 साली फारसं कुणाचं लक्ष गेलं नसावं. राष्ट्राध्यक्षाची मुदत पाच वर्षं, त्यानंतर तो पुन्हा निवडला जाऊ शकतो. बस. किती वेळा, ते नाही. आमच्याकडे याला बाहेर पडायची अट नसलेलं लूप म्हणतात. निवड करणार लोकसल्लागार परिषद, संक्षेपानं एम.पी.आर. तिथंही सरळ बहुमत. मग काय झालं ते तुम्हाला अंदाजानंही सांगता येईल. 1963 मध्ये या परिषदेच्या हंगामी अवतारानं सुकार्नोंना तहहयात राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं. त्यांच्यानंतर सुहार्तो आले. 1968, 1973, 1978, 1983, 1988, 1993 आणि मार्च 1998. सात वेळा निवड. शेवटी परिषदेत हजार सदस्य होते, त्यातले निम्म्याहून जास्त थेट निवडून आलेले नव्हते. कागदावर एकही नियम मोडला गेला नाही. सातव्या निवडीनंतर अडीच महिन्यांच्या आत, 21 मे 1998 ला, आर्थिक संकट, विद्यार्थ्यांची आंदोलनं आणि जकार्तातल्या भीषण दंगली यांनंतर सुहार्तोंना पायउतार व्हावं लागलं. त्या दंगलींत लक्ष्य झाले ते मुख्यतः चिनी वंशाचे नागरिक. हे लक्षात ठेवा.

पुढची चार वर्षं माझ्या मते या सगळ्या कथेत सर्वात वाचण्यासारखी आहेत. 1999 ते 2002 अशा चार टप्प्यांत त्यांनी संविधान दुरुस्त केलं. नवं लिहिलं नाही, जुन्याचीच डागडुजी केली. प्रस्तावनेला हात लावायचा नाही असं आधी ठरवून घेतलं, कारण हात लावला असता तर ते सात शब्द पुन्हा टेबलावर आले असते. पहिल्याच दुरुस्तीत, ऑक्टोबर 1999 मध्ये, लूप बंद केलं: पुन्हा निवड फक्त एकदाच. दोन मुदती, संपलं.

पण निवड करायची पद्धत अजून जुनीच होती, आणि त्याच आठवड्यात ती सगळ्या जगानं पाहिली. जूनच्या निवडणुकीत सुकार्नोंच्या कन्या मेगावती यांच्या पक्षाला एक तृतीयांश मतं मिळाली होती, सर्वात जास्त. अब्दुर्रहमान वाहिद यांच्या पक्षाला साधारण 12-13 टक्के. 20 ऑक्टोबरला परिषदेत मतदान झालं आणि निकाल लागला: वाहिद 373, मेगावती 313. इस्लामी पक्षांनी आणि इतरांनी मिळून मेगावतींना अडवलं. त्यात उघडपणे वापरलेला एक मुद्दा होता की बाईनं देश चालवणं इस्लामला मान्य नाही. संविधानात तसं काही लिहिलेलं नव्हतं. 1945 च्या मसुद्यातही नव्हतं. जी अट कागदावर नाही ती माणसांच्या तोंडून आली. असं म्हणणाऱ्या पक्षांमध्ये हमजा हाज यांचा पक्ष होता. पुढे पावणेदोन वर्षांत वाहिद यांना परिषदेनं हटवलं, मेगावती राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष कोण झाले? हमजा हाज. बाईच्या नेतृत्वाखाली काम करायला त्यांना मग काही अडचण आली नाही. आपल्याकडेही असे ‘उसूल’ खुर्ची दिसली की कसे वितळतात, ते तुम्ही पाहिलंच आहे.

आणि हे अब्दुर्रहमान वाहिद, ज्यांना लोक प्रेमानं गुस दूर म्हणत, ते कोण? 1945 मध्ये ‘राष्ट्राध्यक्ष मुस्लिम असावा’ अशी सूचना मांडणाऱ्या वाहिद हाशिम यांचे पुत्र. वडिलांनी जी अट मागितली ती त्यांच्या निवडीच्या वेळी अस्तित्वात नव्हती. आणि या मुलानं राष्ट्राध्यक्ष म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतच, जानेवारी 2000 मध्ये, काय केलं? सुहार्तोंच्या काळात 1967 पासून चिनी वंशाच्या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक प्रथा उघडपणे साजऱ्या करण्यावर जी बंधनं होती, तो आदेश रद्द केला. मी हे वडिलांना कमी लेखायला सांगत नाहीये. वाहिद हाशिम हे मोठे होते, विचारी होते. पण एकाच घरात, एकाच मदरशांच्या परंपरेत, पन्नास वर्षांत प्रश्नाकडे बघण्याची नजर एवढी बदलू शकते, हे आपल्यासारख्या चळवळीतल्या लोकांनी नोंदवून ठेवावं. आपल्याला सारखं ऐकवलं जातं की मुस्लिम समाज बदलत नाही, त्याच्या धार्मिक नेतृत्वाकडून काही अपेक्षा नाही. गुस दूर तर पंधरा वर्षं नहदतुल उलमाचे अध्यक्ष होते.

नोव्हेंबर 2001 मध्ये तिसरी दुरुस्ती झाली. आता त्या उरलेल्या शब्दाकडे येऊ: ‘मूळ इंडोनेशियन’. 1945 मध्ये धर्माची अट गेली पण वंशाची राहिली होती. मूळ म्हणजे चिनी नव्हे, अरब नव्हे, डच रक्ताचा नव्हे. पन्नासहून अधिक वर्षं तो शब्द तिथं होता. दंगलींना तीन वर्षं झाली होती. तो शब्द काढला आणि त्या जागी लिहिलं: जन्मापासून इंडोनेशियाचा नागरिक आणि स्वतःच्या इच्छेनं दुसरं नागरिकत्व न घेतलेला. म्हणजे तू कुठल्या रक्ताचा हा प्रश्न गेला आणि तू कुठला नागरिक हा आला. माझ्या दृष्टीनं त्या चार वर्षांतली ही सर्वात कमी गाजलेली आणि सर्वात मोलाची ओळ.

त्याच दुरुस्तीत थेट निवडणूक आली. आता राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची जोडी लोक निवडणार. राष्ट्राध्यक्षाला काढायचं असेल तर राजकीय मतभेदावरून काढता येणार नाही, गुन्हा किंवा गंभीर गैरवर्तन हवं आणि नव्या संविधान न्यायालयानं ते तपासायला हवं. उलट राष्ट्राध्यक्षालाही संसद गोठवता येणार नाही. ही दोन्ही कलमं वाचली की जुलै 2001 ची ती रात्र डोळ्यांसमोर येते, जेव्हा गुस दूर यांनी संसद गोठवायचा फतवा काढला आणि काही तासांत परिषदेनं त्यांनाच घरी पाठवलं. शेवटच्या अपघाताच्या खुणा नियमात अशा स्पष्ट दिसतात.

आणि 2002 मध्ये चौथी दुरुस्ती चालू असताना काही पक्षांनी ते सात शब्द पुन्हा आणायचा प्रयत्न केला. तो फसला. विरोधात उभे राहिलेल्यांत नहदतुल उलमाचे हाशिम मुजादी आणि मुहम्मदियाचे स्याफी मारिफ होते. 1945 ला मुहम्मदियाच्या अध्यक्षांना समजवावं लागलं होतं. 2002 ला मुहम्मदियाचे अध्यक्षच नको म्हणत होते.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. इंडोनेशियाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या एकट्या जावा बेटावर आहे. थेट निवडणूक म्हणजे जावानं निवडलेला राष्ट्राध्यक्ष, ही भीती इतर बेटांना होतीच. म्हणून नियम असा केला: पन्नास टक्क्यांहून जास्त मतं हवीत, आणि शिवाय निम्म्याहून जास्त प्रांतांत किमान वीस-वीस टक्के हवीत. नाही मिळाली तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. छान नियम आहे. पण 2014 ला दोनच जोड्या उभ्या राहिल्या आणि लोकांच्या लक्षात आलं की दोघांतच लढत असेल आणि जिंकणाऱ्याला प्रांतांची अट पुरी करता आली नाही, तर काय? त्याच दोघांत पुन्हा निवडणूक? संविधान गप्प. मतदानाच्या सहा दिवस आधी न्यायालयानं सांगितलं की दोनच उमेदवार असतील तर प्रांतांची अट लागू नाही. हुश्श.

असा नियम नायजेरियातही आहे आणि तिथली गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1979 ला तिथं अट होती, दोन तृतीयांश राज्यांत किमान पंचवीस टक्के. राज्यं किती? 19. एकोणीसचे दोन तृतीयांश म्हणजे बारा पूर्णांक दोन तृतीयांश. शेहू शगारींना बारा राज्यांत पंचवीस टक्के मिळाले, तेराव्यात नाहीत. मग ते जिंकले की हरले? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ते जिंकले, कारण तेराव्या राज्याच्या दोन तृतीयांश मतांचा हिशेब लावला गेला. नियम लिहिणाऱ्यानं एकदा तरी भागाकार करून बघायला हवा होता की नाही?

असो. जकार्ताकडे परत.

2004 ला पहिली थेट निवडणूक झाली आणि मेगावती दुसऱ्या फेरीत हरल्या. 2014 ला जोको विदोदो आले, फर्निचरच्या धंद्यातून आलेला माणूस, राजघराण्यातला नाही, लष्करातला नाही. जुन्या पद्धतीत ते कधीच निवडले गेले नसते. त्यांच्या दुसऱ्या मुदतीच्या अखेरीस तिसऱ्या मुदतीची कुजबुज सुरू झाली, तेव्हा एप्रिल 2022 मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले आणि विषय मिटला. 1999 चं कलम टिकलं.

पण वाट दुसरीकडून निघाली. उमेदवाराच्या वयाची अट संविधानात नाही, निवडणूक कायद्यात आहे: किमान चाळीस. 16 ऑक्टोबर 2023 ला, अर्ज भरण्याची मुदत सुरू व्हायच्या तोंडावर, संविधान न्यायालयानं त्यात भर घातली: चाळीस, किंवा निवडून आलेलं पद भूषवलेलं असावं, त्यात महापौरपदही आलं. राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव गिब्रान तेव्हा 36 वर्षांचे होते आणि सुराकार्ताचे महापौर होते. सरन्यायाधीश अन्वर उस्मान हे राष्ट्राध्यक्षांचे मेहुणे. नऊपैकी चार न्यायाधीश विरोधात गेले. महिनाभरात नीतिपरिषदेनं अन्वर उस्मान यांना सरन्यायाधीशपदावरून काढलं, पण निकाल कायम राहिला. गिब्रान उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि त्या फेब्रुवारीत, जेव्हा माझा सहकारी करंगळी दाखवत होता, प्राबोवो-गिब्रान जोडी 58 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकली. तरुणांना संधी द्यायला माझा विरोध असायचं कारणच नाही, मीही अजून चाळीशी गाठलेली नाही. पण नियम तरुणांसाठी बदलला असता तर तो निवडणुकीच्या दोन वर्षं आधी, संसदेत चर्चा करून बदलला असता. हा एका गिऱ्हाइकासाठी ऐन वेळी घातलेला अपवाद होता. आमच्या धंद्यात असे अपवाद आम्ही रोज पाहतो, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून घातले हे विचारलं की सगळे छताकडे बघतात.

इथं आपण हसून मोकळं होऊ नये म्हणून आपल्या घरातलंही सांगतो. 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. 10 ऑगस्टला 39 वी घटनादुरुस्ती लागू झाली की पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होती 11 ऑगस्टला. एक दिवस आधी! नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं ते कलम रद्दबातल ठरवलं आणि 44 व्या दुरुस्तीनं ते संविधानातूनही गेलं. तेव्हा एका माणसासाठी नियम लिहिण्याची कला कुणा एका धर्माची किंवा खंडाची मक्तेदारी नाही.

आणि अजून एक, जे लवकरच आपल्या दारात येणार आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175 आहे, गोव्याच्या आमदाराचं 20, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं 208. हे आकडे कुठून आले? 1971 च्या जनगणनेतून. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी होती, 2011 मध्येच ती सव्वाअकरा कोटींच्या आसपास गेली. 1976 मध्ये, 42 व्या दुरुस्तीनं, हा आकडा गोठवला, आणि 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तो तसाच ठेवायचं नंतर ठरलं. कारण वाईट नव्हतं: ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांना शिक्षा होऊ नये. पण ती मुदत आता संपत आलीय. लोकसभेच्या जागांची फेरवाटणी, दक्षिण विरुद्ध उत्तर, हे सगळं त्याच्या पोटात आहे. यावर आपल्या मोहल्ल्यात किती बोलणं होतं? आपण झाकीर हुसेन, फखरुद्दीन अली अहमद, अब्दुल कलाम ही तीन नावं अभिमानानं मोजतो. मीही मोजतो. पण राष्ट्रपती कुणाच्या किती मतांनी निवडला जातो, मतदारसंघाच्या सीमा कोण आखतो, याचा अभ्यास करणारे आपल्यात बोटावर मोजण्याएवढेच आहेत. फेररचनेत एखादी वस्ती दोन मतदारसंघांत कापली गेली तर त्याचा परिणाम पुढची कित्येक वर्षं राहतो, आणि हरकती नोंदवायला ठरावीक मुदत मिळते. त्या मुदतीत कुणीतरी नकाशा घेऊन बसायला हवं. अभ्यासवर्गानं यासाठी एक छोटा गट करावा, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. मी त्यात काम करायला तयार आहे.

कागदावरच्या नियमानं माणसं लगेच बदलत नाहीत, हेही सांगायला हवं. 2017 मध्ये जकार्ताचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे गव्हर्नर, ज्यांना सगळे अहोक म्हणतात, निवडणूक हरले. त्यांच्याविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले होते, बिगरमुस्लिम नेता चालतो की नाही यावर मशिदींत चर्चा झाल्या, आणि निवडणुकीनंतर ईशनिंदेच्या खटल्यात त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ‘मूळ’ हा शब्द संविधानातून गेला त्याला तेव्हा सोळा वर्षं होत आली होती. माझा सहकारी त्या मोर्च्यांबद्दल बोलायला अजूनही नाखूश असतो. मी फार टोकत नाही.

शेवटची घडामोड सांगतो आणि थांबतो. राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार कोण देऊ शकतो? संविधान म्हणतं, पक्ष किंवा पक्षांची आघाडी. पण कायद्यानं त्यावर उंबरठा घातला होता: संसदेत वीस टक्के जागा किंवा देशात पंचवीस टक्के मतं. लहान पक्षांना स्वतःचा उमेदवार देणं अशक्य, म्हणून दोन-तीन जोड्यांपलीकडे मतपत्रिका जातच नव्हती. याविरुद्ध तीसहून जास्त याचिका झाल्या, मोठमोठ्या लोकांनी केल्या, सगळ्या फेटाळल्या गेल्या. मग योग्याकर्ताच्या सुनान कलिजागा इस्लामी विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी याचिका केली. 2 जानेवारी 2025 ला न्यायालयानं उंबरठा रद्द केला. तेच न्यायालय, ज्याची पंधरा महिन्यांपूर्वी एवढी नाचक्की झाली होती. आता संसदेनं नवा कायदा करायचा आहे आणि तो 2029 च्या आधी कसा होतो ते बघायचं.

सहकाऱ्याला मी विचारलं, 2029 ला किती उमेदवार असतील? म्हणाला, ‘मतपत्रिका टेबलावर मावली म्हणजे झालं.’

मला दिलेली वेळ संपलीय. प्रश्न असतील तर घेऊ. चाचा आज आले आहेत, पहिला प्रश्न त्यांचाच असणार.